खर्च कसला हो, घरातूनच तर करते!

फेब्रुवारी संपत आला की आपल्याकडच्या गावांतल्या हवेचा वासच बदलतो. गच्चीवर मिरच्या वाळत पडतात, कांडप मशीनपुढे डब्यांची रांग लागते, धणे-खोबरं भाजल्याचा घमघमाट सुटतो. मसाल्याचा, पापड-कुरडयांचा धंदा करणाऱ्या बायकांना या दिवसांत जेवायलाही फुरसत नसते. आणि नेमका त्याच घाईत ३१ मार्च येतो. वर्षाचा हिशेब!

अशीच एक मसालेवाली वहिनी डोळ्यांसमोर आणा. नाव काहीही द्या, तुमच्या गल्लीत ती नक्की सापडेल. पाच किलो कांदा-लसूण मसाल्यापासून तिने सुरुवात केली. आता संकेश्वरी, ब्याडगी मिरचीची पोती येतात, हाताखाली दोघी बायका आहेत, गिऱ्हाईक मोबाइलवरून पैसे पाठवतं. एक दिवस नवऱ्याने पासबुक आणि विक्रीची वही पाहिली आणि म्हणाला, ''अगं, वर्षाची विक्री अठरा लाख दिसतेय. टॅक्सवाले सोडतील का तुला?'' वहिनीच्या पोटात गोळाच आला. दोघं गावातल्या करसल्लागारांकडे गेली.

''वहिनी, विक्री किती?''

''अठरा लाख.''

''आणि खर्च?''

''खर्च कसला हो वकीलसाहेब, घरातूनच तर करते मी सगळं!''

मैत्रिणींनो, हे वाक्य आपल्यापैकी कितीजणींच्या तोंडी असतं! शिवणकाम करणारी, डबे देणारी, पार्लर चालवणारी, सगळ्याजणी हेच म्हणतात. आणि इथेच आपला तोटा होतो. घरातून केलं म्हणजे खर्च झाला नाही, असं नसतं. तो घराने गिळला, एवढंच.

विक्री म्हणजे कमाई नव्हे

पहिली गोष्ट. धंद्यावरचा आयकर हा विक्रीवर नसतो, नफ्यावर असतो. वर्षाच्या विक्रीतून धंद्याचा खर्च वजा करायचा, उरेल ते उत्पन्न.

फरक किती पडतो ते बघा. २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नवीन करप्रणालीत अठरा लाख हे निव्वळ उत्पन्न धरलं, तर उपकरासह १,६६,४०० रुपये कर होतो. तेच उत्पन्न बारा लाखांच्या आत असेल, तर करातल्या सवलतीमुळे कर शून्य. म्हणजे खर्च मांडला नाही, तर नसलेल्या कमाईवर कर भरायची वेळ येते.

आणखी एक गैरसमज जाता जाता दूर करू. ''नवीन प्रणालीत काहीच वजावट मिळत नाही,'' असं पुष्कळजणी ऐकून असतात. त्यात विमा, पीपीएफसारख्या गुंतवणुकीवरच्या सवलती मिळत नाहीत, हे खरं. पण धंद्याचा खर्च ही सवलत नव्हेच. तो नफा काढण्याचाच भाग आहे. तो दोन्ही प्रणालींत वजा होतो.

कायद्याचा एकच प्रश्न

कुठला खर्च धरायचा आणि कुठला नाही, याची भलीमोठी यादी पाठ करायची गरज नाही. कायदा एकच विचारतो: हा खर्च पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी झाला का? १९६१ च्या आयकर कायद्यात हे कलम ३७ मध्ये होतं. त्याची जागा घेणारा २०२५ चा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे. कलमांचे आकडे बदलले, पण हे सूत्र तेच आहे.

या प्रश्नाच्या चाळणीतून सहज पार होणारे खर्च पुष्कळ आहेत. मिरची, धणे, डाळ, तेल असा कच्चा माल. पिशव्या, बरण्या, लेबलं. हाताखालच्या बायकांची मजुरी. टेम्पोचं भाडं, एसटीचं पार्सल. अन्न परवान्याची फी. वजनकाट्याची दुरुस्ती. कामगार बायकांचे एप्रन आणि टोप्या. दिवाळीला त्यांना दिलेली मिठाई. महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात स्टॉलचं भाडं भरलं असेल तर ते, आणि तिथवरचा प्रवास, मुक्कामाचा खर्चसुद्धा. करसल्लागाराची धंद्याच्या हिशेबाची फीही यात येते.

कधी कधी एकाच ठिकाणी दिलेले पैसे दोन प्रकारचे असतात. गणेशोत्सव मंडळाच्या स्मरणिकेत तुमच्या मसाल्याची जाहिरात दिली, तर तो जाहिरातीचा खर्च. पण मंडळाला वर्गणी दिली, तर ती तुमची श्रद्धा, धंद्याचा खर्च नव्हे. आणि स्मरणिका राजकीय पक्षाची असेल, तर त्यातली जाहिरातसुद्धा खर्चात धरता येत नाही.

घर आणि धंद्याची वाटणी

खरी गंमत पुढे आहे. घरातून चालणाऱ्या धंद्यात घर आणि धंदा एकाच चुलीवर असतात. गॅस एकच, लाइटचं बिल एकच, मोबाइलही एकच. मग काय करायचं? वाटणी.

धंद्यापुरता जेवढा वाटा, तेवढाच खर्च धरायचा. पण तो वाटा मनाने ठोकून द्यायचा नाही. धंदा सुरू होण्याआधी लाइटचं बिल साधारण किती यायचं आणि आता किती येतं, ते बघा. मशीनसाठी वेगळा सबमीटर बसवला, तर प्रश्नच मिटला. गॅसचं तर अगदी सोपं आहे. धंद्यासाठी व्यावसायिक सिलिंडर वेगळा घ्यायचा, त्याची पावती वेगळ्या फाइलला लावायची. मोबाइलवर निम्मी बोलणी गिऱ्हाइकांशी होत असतील तर निम्मं बिल. कुणी विचारलं, ''निम्मंच का?'' तर उत्तर देता आलं पाहिजे, एवढंच.

घर भाड्याचं असेल आणि चारपैकी एक खोली फक्त धंद्याला असेल, तर भाड्याचा तेवढा वाटा धरता येतो. घर स्वतःचं असेल, तर स्वतःलाच भाडं दिलं असं दाखवता येत नाही. मात्र त्या खोलीपुरती दुरुस्ती आणि घरपट्टीचा वाटा धरता येतो.

वाटणी उलट्या बाजूनेही करावी लागते बरं का! लेकीला पुण्याला पाठवलेला चार किलो मसाला, नणंदेच्या डोहाळजेवणाला दिलेले पापड, वर्षभर घरात वापरलेलं तिखट, हे धंद्याच्या मालातून घराने घेतलं. त्याला लागलेला खर्च धंद्याच्या नावावर टाकायचा नाही. वहीत 'घरी नेलेला माल' म्हणून एक पान ठेवा.

हे खर्च वाटतात, पण नाहीत

रोजच्या साड्या, घरचा किराणा, मुलांची फी, हे तर उघडच आहे. प्रदर्शनाला कोल्हापूरला गेलात आणि येताना ज्योतिबाला जाऊन आलात, तर प्रदर्शनाचा प्रवास धंद्याचा आणि ज्योतिबाचा तुमचा. कायदा मोडल्याबद्दल भरलेला दंड धरता येत नाही. भरलेला आयकरही धरता येत नाही. गाळ्यासाठी दिलेली अनामत परत मिळायची असते, म्हणून ती खर्च नाही.

आणि एक गोष्ट ऐकून वाईट वाटेल. तुमचा स्वतःचा पगार खर्चात धरता येत नाही. धंदा तुमच्या एकटीच्या मालकीचा असेल, तर कायद्याच्या लेखी नफा हाच तुमचा पगार. पहाटे पाचपासून भट्टीपुढे उभं राहण्याची वेगळी किंमत त्या कागदावर कुठेच लिहिलेली नसते. म्हणूनच तर नफ्याचा आकडा बिनचूक हवा!

जाऊबाई पापड लाटायला येत असतील आणि तुम्ही त्यांना मजुरी देत असाल, तर ती मात्र खर्चात धरता येते. अट अशी की काम खरं हवं, पैसे खरोखर दिलेले हवेत आणि बाहेरच्या बाईला जे दिलं असतं, त्याच्या आसपास हवेत. बाजारात पापड लाटायला तीनशे रुपये रोज असताना जाऊबाईंना हजार दाखवले, तर वरचे नाकारले जाऊ शकतात.

मशीनचा घसारा, कर्जाचं व्याज

समजा, या वर्षी ८०,००० रुपयांचं कांडप मशीन घेतलं. हा सगळा खर्च याच वर्षी वजा होत नाही, कारण मशीन वर्षानुवर्षं चालणार. त्याची दरवर्षी थोडी झीज धरतात. त्याला घसारा म्हणतात. यंत्रांना साधारणपणे वर्षाला १५ टक्के, लाकडी कपाट-टेबलासारख्या फर्निचरला १० टक्के आणि कॉम्प्युटरला ४० टक्के असा दर आहे. मशीनचा पहिल्या वर्षाचा घसारा १२,००० रुपये. पुढच्या वर्षी उरलेल्या ६८,००० वर १५ टक्के. मशीन वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं गेलं, तर त्या पहिल्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. म्हणजे मार्चच्या सीझनसाठी जानेवारीत मशीन घेतलं, की त्या वर्षी निम्म्यावर समाधान मानायचं.

कर्जाचंही तसंच. बँकेचं मुद्रा कर्ज असो, बचत गटाचं असो की दागिने ठेवून घेतलेलं असो, पैसा धंद्याला लावला असेल तर त्याचं व्याज हा खर्च. हप्त्यातलं मुद्दल मात्र खर्च नव्हे. म्हणून बँकेकडून वर्षाचा व्याजाचा दाखला मागून घ्या. संपूर्ण हप्ता खर्चात लिहिणं, ही घरोघरी होणारी चूक आहे.

भांडवल नवऱ्याने दिलं असेल तर एक लक्षात ठेवा. त्याने ते भेट म्हणून दिलं, तर भांडवलात त्याच्या पैशाचा जेवढा वाटा, तेवढं उत्पन्न त्याच्या उत्पन्नात मिळवलं जातं. उसने म्हणून दिलं असेल, तर तसं कागदावर लिहून ठेवावं, पैसे बँकेतून घ्यावेत आणि बँकेतूनच फेडावेत. घरातला व्यवहार आहे म्हणून तो तोंडी ठेवू नये.

बिल नाही, मग?

बाजारात प्रत्येकजण बिल देतोच असं नाही. हमाली, रिक्षा, शेतकऱ्याकडून घेतलेली मिरची यांचं बिल कुठून आणणार? त्यासाठी व्हाउचर करायचं. साधं पान पुरतं. तारीख, कुणाला, कशासाठी, किती, आणि घेणाऱ्याची सही. मजुरीसाठीही हेच.

पण रोखीला एक मर्यादा आहे. एका दिवसात एका व्यक्तीला धंद्याच्या खर्चापोटी १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर तो खर्च नाकारला जातो. ही मर्यादा आधी २०,००० होती, २०१७-१८ पासून ती १०,००० झाली. टेम्पो-ट्रकच्या मालवाहतुकीसाठी ती ३५,००० आहे. शेतकऱ्याकडून थेट शेतमाल घेतला, तर या नियमातून सूट मिळते. तीच मिरची व्यापाऱ्याच्या दुकानातून घेतली, तर सूट नाही. तेव्हा मोठी रक्कम खात्यातूनच द्या. मशीन घेतानाही हाच नियम पाळा. दहा हजारांवर रोख दिलेली रक्कम मशीनच्या किमतीत धरत नाहीत, म्हणजे तिच्यावर घसाराही मिळत नाही.

आता मांडू वहिनीचा हिशेब

वहिनी घरी आली. पिठाच्या डब्यामागच्या, देवघरातल्या, पर्समधल्या पावत्या तिने गोळा केल्या आणि लेकीला बसवून यादी केली.

आधी माल. वर्षाच्या सुरुवातीला ८०,००० रुपयांचा माल शिल्लक होता. वर्षात ९,४०,००० ची खरेदी झाली. ३१ मार्चला १,२०,००० चा माल घरात होता. हा उरलेला माल वजा करायला विसरू नका. मसाल्याच्या धंद्यात मार्चअखेर पोती भरलेलीच असतात. ती या वर्षी विकली गेली नाहीत, म्हणून या वर्षीचा खर्च नाहीत. तेव्हा विकलेल्या मालाला लागले ९,००,०००.

मग बाकीचा खर्च. दोघींची मजुरी १,६८,०००. पिशव्या आणि लेबलं ५४,०००. वाहतूक ३६,०००. प्रदर्शनांचे स्टॉल २४,०००. दुरुस्ती, परवाना, जाहिरात मिळून १२,०००. हे तिला आठवत होतं. आठवत नव्हतं ते असं: लाइट आणि गॅसचा धंद्याचा वाटा ३०,०००, कर्जाचं व्याज १८,०००, मशीनचा घसारा १२,००० आणि मोबाइलचा वाटा ३,०००. हे झाले ६३,००० रुपये. लाइट, गॅस आणि मोबाइलचे पैसे घरखर्चातून जात होते, व्याज हप्त्यात दडलं होतं आणि मशीनची झीज कुणी मोजतच नव्हतं.

एकूण खर्च १२,५७,०००. अठरा लाखांतून वजा जाता नफा ५,४३,०००. तिचं दुसरं काही उत्पन्न नसेल, तर २०२५-२६ च्या नवीन प्रणालीत यावर कर शून्य. पण उत्पन्न चार लाखांच्या वर असल्यामुळे विवरणपत्र भरणं आवश्यक. कर नाही म्हणजे विवरणपत्र नाही, असं नव्हे.

लेकीने ५,४३,००० ला बाराने भागलं. महिन्याला पंचेचाळीस हजारांच्या वर. आजवर वहिनी म्हणायची, ''चार पैसे सुटतात.''

सहा-आठ टक्क्यांची सोपी वाट

आता कुणी म्हणेल, एवढा उपद्व्याप कशाला? कायद्यात सोपी वाट आहेच की! आहे. छोट्या धंद्यांना अनुमानित उत्पन्नाची पद्धत वापरता येते. वर्षाची विक्री दोन कोटींपर्यंत हवी. रोखीचा भाग पाच टक्क्यांच्या आत असेल, तर तीन कोटींपर्यंत चालते. बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के आणि रोख विक्रीवर किमान ८ टक्के उत्पन्न धरायचं. मग खर्चाची वही, बिलं दाखवायला लागत नाहीत. मात्र त्यातून वेगळा खर्च किंवा घसाराही वजा करता येत नाही. कमिशनवर काम करणाऱ्या एजंटांना ही पद्धत नाही. आणि एकदा स्वीकारून पाच वर्षांच्या आत सोडली, तर पुढची पाच वर्षं परत घेता येत नाही.

वहिनीच्या अठरा लाखांपैकी दहा लाख यूपीआयने आणि आठ लाख रोख आले, असं धरू. मग किमान उत्पन्न होतं ६०,००० अधिक ६४,०००, म्हणजे १,२४,०००. ''कमीत कमी तेवढंच दाखवू या की,'' नवरा म्हणाला.

सल्लागारांनी विचारलं, ''वहिनी, पुढच्या वर्षी काय करायचा विचार आहे?''

''दुसरं मशीन घ्यायचंय. बाजारपेठेत छोटा गाळाही बघतेय. बँकेचं कर्ज काढीन म्हणते.''

''मग बँक तुमची मागची विवरणपत्रं मागेल. वर्षाला सव्वा लाख कमावणाऱ्या बाईला ती किती कर्ज देईल, आणि साडेपाच लाख कमावणाऱ्या बाईला किती?''

नवरा गप्प झाला. ६ आणि ८ टक्के हे किमान आकडे आहेत, मैत्रिणींनो. खरा नफा त्याहून जास्त असेल, तर तो या सोप्या पद्धतीतही दाखवता येतो, आणि तसाच दाखवावा. कर वाचवायला खर्च फुगवणारे असतात, तसे भीतीपोटी कमाई लपवणारेही असतात. दोन्ही वाटा शेवटी अडचणीच्याच. आणि इथे तर खरा नफा दाखवूनही वहिनीला कर शून्यच होता. लपवून तिने कमावलं काय असतं? उलट बँकेतली पत तेवढी गमावली असती.

खर्चाच्या वहीचा आणखी एक फायदा वहिनीला लगेच झाला. विसरलेले ६३,००० रुपये धरल्यावर कळलं, की उडदाच्या पापडाचा भाव तिने फारच कमी ठेवला होता. पापड भाजून चव द्यायला लागणारा गॅस, प्रदर्शनाचा स्टॉल, काहीच त्या भावात धरलेलं नव्हतं. वर्षभर घरखर्चाचे पैसे तिच्या पापडांना टेकू देत होते आणि कुणालाच पत्ता नव्हता.

आजपासून एवढं करा

• धंद्यासाठी बँकेत वेगळं खातं उघडा. गिऱ्हाइकांचे पैसे त्यातच घ्या, खरेदी त्यातूनच करा. घरखर्चाला पैसे लागले, तर ते 'घरी घेतले' असं लिहून काढा.

• शंभर पानी वही घ्या. रोज रात्री पाच मिनिटं द्या. आलेले पैसे डावीकडे, गेलेले उजवीकडे.

• प्रत्येक खर्चापुढे 'धं', 'घ' किंवा 'दोन्ही' लिहा. 'दोन्ही' असेल तर वाटा किती, तेही लिहा.

• महिन्याची बिलं आणि व्हाउचरं एका पाकिटात. वर्षाची बारा पाकिटं. निदान आठ वर्षं ती जपून ठेवा.

• ३१ मार्चच्या रात्री घरातला माल मोजा आणि त्याची किंमत लिहून ठेवा.

• दहा हजारांवर रोख देऊ नका. बँकेकडून व्याजाचा दाखला दरवर्षी मागा.

• दर आणि मर्यादा बजेटमध्ये बदलू शकतात. विवरणपत्र भरण्याआधी सल्लागाराला एकदा विचारा, आणि जाताना वही बरोबर न्या.

आपण पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या बायका. दूधवाल्याचे खाडे कॅलेंडरवर लिहितो, इस्त्रीवाल्याचे कपडे मोजून देतो. मग स्वतःच्या धंद्याच्या बाबतीतच हात का आखडतो? कारण मनात कुठेतरी ते 'घरचंच काम' असतं. वहीत 'धं' लिहायला लागलं, की ते घरचं काम राहत नाही.

आता पुढच्या वर्षी कुणी विचारलं, ''वहिनी, खर्च किती?'' तर ती काय म्हणेल, ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणेल, ''थांबा, वही आणते.''